तीजेची रजा

कामातून मोकळे होण्याला मराठीत दोन शब्द आहेत, आणि त्या दोहोंत पुष्कळ अंतर आहे. 'सुट्टी' हा शब्द सुटण्यातून आला. घंटा झाली की शाळा सुटते, दावे सोडले की वासरू सुटते. त्यात कोणाची मनधरणी नाही. 'रजा' हा शब्द मात्र अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि त्याचा मूळ अर्थ संमती, खुशी असा आहे. 'राजी' हा त्याचाच भाऊबंद. म्हणजे दुसरा कोणी राजी झाला तरच रजा. आपण 'रजा घेतली' असे ऐटीने म्हणतो खरे, परंतु शब्दाच्या पोटात पाहिले तर 'रजा मिळाली' एवढेच सापडते.

आमच्या घरात हे दोन्ही शब्द तीस वर्षे एका छपराखाली नांदले. मी येथे, रायपुरात, एका शाळेत शिक्षिका होते. तेव्हा माझ्या वाट्याला सुट्टी. घरचे हे केंद्र सरकारच्या एका कार्यालयात. त्यांच्या वाट्याला रजा. माझी उन्हाळ्याची सुट्टी शाळेच्या वेळापत्रकात वर्षभर आधी छापलेली असे. तिच्यासाठी अर्ज नव्हता की कोणाच्या मर्जीचा अंदाज घेणे नव्हते. निकाल लागले की मुलांना घेऊन मी मुंबई मेलमध्ये बसत असे आणि जळगावला माहेरी जाऊन उतरत असे. 'तुम्ही पुढे व्हा, मी पंधरा दिवसांनी येतोच,' असे हे फलाटावर उभे राहून म्हणत. बावीस उन्हाळ्यांत ते दोनदा खरे झाले.

यात कोणा साहेबाचा दुष्टावा होता असे मुळीच नाही. केंद्रीय नागरी सेवेचे १९७२ चे रजा नियम आहेत. त्यांतच स्पष्ट म्हटले आहे की रजा हक्क म्हणून मागता येणार नाही आणि सरकारी कामाची निकड असेल तर ती नाकारता येईल किंवा दिलेली परतही घेता येईल. निकड ही गोष्ट अशी आहे की शोधली म्हणजे सापडते. एरवी हेच नियम उदार आहेत. वर्षाला तीस दिवसांची अर्जित रजा, तीही जानेवारी आणि जुलैच्या पहिल्या तारखेला पंधरा-पंधरा दिवसांनी खात्यावर जमा होणारी. पण रजा खात्यात पडून राहिली आणि माणूस खुर्चीत. निवृत्तीच्या वेळी शिल्लक रजेचे तीनशे दिवसांपर्यंत पैसे मिळतात. ह्यांची तीनशे पुरी भरली होती. त्या पैशांतून घरावर दोन खोल्या चढल्या. वरच्या खोल्या हवेशीर आहेत. एकदा थोरल्या मुलीने तेथेच बसून हिशेब केला की बाबांच्या तीनशे दिवसांचे महिने दहा होतात, आणि ते सगळे तिच्या लहानपणातले होते. ती हसत म्हणाली, हेही हसले, आणि मी चहा टाकायला खाली आले.

मग ठरलेली सुट्टी तेवढी चांगली आणि मागावी लागणारी रजा तेवढी वाईट, असे म्हणावे काय? माझाच अनुभव तसे म्हणू देत नाही. शिक्षकांना दीर्घ सुट्टी असते म्हणून त्यांना अर्जित रजा अगदी बेताची. माझी आई अंथरुणाला खिळली ती डिसेंबरात. वेळापत्रकातील मे महिना तेव्हा माझ्या काय उपयोगाचा? छापील तारीख कोणाची मनधरणी करायला लावत नाही. पण ती कोणाची अडचणही ऐकून घेत नाही.

कारखान्यांच्या कायद्याने या दोहोंच्या मधली वाट शोधण्याचा यत्न केला आहे, हे मला माझ्या धाकट्या दिरांमुळे समजले. भावजी भिलाईच्या पोलाद कारखान्यात कोक भट्ट्यांवर होते. भिलाई आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तेथील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. अशा भट्ट्यांना दिवाळी कळत नाही आणि रविवारही कळत नाही. कोक भट्टी निवू दिली तर आतल्या विटांना तडे जातात. म्हणून पोळ्याला, पाडव्याला, घरच्या लग्नातसुद्धा तिच्यापाशी कोणीतरी उभे असावेच लागते. सगळ्यांनी एकदम 'आम्ही निघालो' म्हणण्याची तेथे सोय नाही. रजा पाळीनेच घ्यावयाची. भावजी म्हणत, 'वहिनी, आमच्याकडे रजा माणूस मागतो, साहेब देतो, पण ठरवते ती भट्टी.'

१९४८ च्या कारखाना कायद्यात ही व्यवस्था बारकाईने लिहिलेली होती. वर्षात २४० दिवस काम केलेल्या प्रौढ कामगारास पुढील वर्षी, दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस, या हिशेबाने भरपगारी रजा. रजा केव्हा हवी ते कामगाराने पंधरा दिवस आधी लिहून कळवावयाचे. काम अखंड चालावे म्हणून व्यवस्थापकास रजेच्या पाळ्यांची योजना करावयाची असेल, तर ती त्याने एकट्याने करावयाची नाही. कामगारांच्या प्रतिनिधींशी एकमत करून मग ती निरीक्षकाकडे द्यावयाची. मला सर्वांत आवडलेले कलम पुढचे आहे. न घेतलेली रजा पुढील वर्षी नेता येते, पण तीस दिवसांपर्यंतच. मात्र कामगाराने रीतसर मागितली आणि त्याला ती नाकारली गेली, तर अशी नाकारलेली रजा कोणत्याही मर्यादेवाचून साठत जाते. कायदा मालकाला 'नाही' म्हणू देतो, पण त्या 'नाही'ची नोंद मालकाच्या नावावर मांडून ठेवतो. ह्यांच्या कार्यालयात अशी एखादी वही असती तर! २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी कामगार संहिता लागू झाली. तिने २४० दिवसांची अट १८० वर आणली, वीसास एक हे प्रमाण तसेच ठेवले, आणि नाकारलेल्या रजेची ती तरतूदही टिकवली.

या प्रश्नाचा घोळ केवळ आपल्याकडचा नव्हे. जिनिव्हास १९३६ साली राष्ट्राराष्ट्रांच्या प्रतिनिधींनी भरपगारी रजेचा पहिला करार केला तेव्हा वर्षाच्या सेवेनंतर निदान सहा कामाचे दिवस एवढेच मागितले होते. त्याच वर्षी फ्रान्सने आपल्या कामगारांना दोन आठवडे दिले. १९७० च्या दुसऱ्या करारात तीन आठवडे झाले, आणि 'केव्हा' या प्रश्नाचेही उत्तर आले: अन्य काही ठरलेले नसेल तर वेळ मालकाने ठरवावी, मात्र कामगाराशी विचारविनिमय करून, आणि ठरवताना कामाची गरज जशी पाहावी तशी त्या माणसाला विश्रांतीची संधी केव्हा मिळेल हेही पाहावे. किती दिवस, यावर जगाचे पुष्कळसे एकमत झाले. कोणते दिवस, यावर मात्र सल्लामसलतीच्या पलीकडे कोणाला फारसे जाता आलेले नाही.

एक गमतीची रजा आमच्या शेजारी पाहिली. समोरच्या घरातील गृहस्थ बँकेत आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या आदेशाप्रमाणे नाजूक जबाबदारीच्या जागांवरील कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा सलग निदान दहा कामाचे दिवस रजेवर पाठवावयाचे असते, तेही आधी न सांगता. माणूस खुर्चीवर नसताना त्याच्या वह्या दुसऱ्याने पाहाव्यात, काही काळेबेरे असेल तर उघडकीस यावे, हा हेतू. हेतू चोख आहे. परंतु सकाळी डबा घेऊन गेलेला नवरा दुपारी 'दहा दिवस रजा' म्हणून घरी परतला, तेव्हा मुलांच्या परीक्षा चालू होत्या, बायकोची स्वतःची नोकरी होती, आणि ते दहा दिवस बिचाऱ्याने गच्चीवर झाडांना पाणी घालण्यात काढले.

येथवरचे सारे नियम ज्यांचे नाव कोठल्यातरी हजेरीपटावर आहे त्यांच्यासाठी. आमच्याकडे भांडी घासून केरफरशी करणाऱ्या बाईचे नाव कोणत्याच पटावर नाही. ती धमतरीकडच्या एका खेड्यातली. लग्न होऊन रायपुरास आली आणि आमच्या गल्लीतील चार घरे धरून राहिली. वर्षभर तिला काही हवे असले की ती विचारते. मुलाला ताप आहे, उद्या उशिरा येऊ का? गावात बारसे आहे, एक दिवस जाऊ का? उंबऱ्याशी उभी राहून, पदराचे टोक बोटाला गुंडाळत विचारते. परंतु श्रावण सरता सरता एक दिवस असा येतो की ती भांडी विसळता विसळता, मागे वळूनही न पाहता म्हणते, 'अम्मा, तीजा मं मइके जाहूँ.' तीजेला मी माहेरी जाणार. यात प्रश्न नाही. बाकीच्या साऱ्या रजा ती मागते. ही एक ती कळवते.

इतर प्रांतांतील वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. महाराष्ट्रात भाद्रपद शुद्ध तृतीयेस हरतालिका असते. तोच दिवस छत्तीसगढात तीजा. उपवास एकच, वाळूचे वा मातीचे शिवपार्वती तेच. अंतर एवढेच, आणि ते फार मोठे आहे, की येथे लग्न झालेली मुलगी हे व्रत माहेरी जाऊन करते. पोळा झाला की भाऊ किंवा बाप तिला न्यायला येतो. तो म्हातारा असो, गरीब असो, येतो. माहेरी जमलेल्या या लेकींना 'तीजहारिन' म्हणतात. उपवासाच्या आदल्या रात्री कारल्याच्या भाजीबरोबर भात खातात, त्याला 'करू भात' म्हणजे कडू भात असे नाव. आणि शेजारपाजारच्या घरी जाऊन तो दोन घास का होईना खावयाचा असतो. उपवास सुटला की माहेरची नवी साडी नेसावयाची. त्या आठवड्यात पंडरीच्या कापडबाजारात पाय ठेवायला जागा नसते, आणि बसगाड्यांच्या टपापर्यंत माणसे भरलेली असतात. सासू कितीही कडक असो, या दिवसांत सुनेला 'नाही' म्हणण्याची तिची छाती होत नाही; कारण तिची स्वतःची लेकही तिकडून निघालेली असते. २०१९ मध्ये छत्तीसगढ सरकारने हरेली आणि तीजेला सार्वजनिक सुट्टी दिली. पण त्याआधी कितीतरी पिढ्या ही सुट्टी कोणाच्या आदेशावाचून चालू होती.

माझ्या माहेरी, खानदेशात, अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात. तेव्हाही सासुरवाशिणी अशाच येतात, झोके बांधतात. आणि त्याच दिवशी सालदाराचे साल संपते. नवे साल कोणाकडे धरावे हे तो त्या दिवशी ठरवतो. लेक आणि सालदार, दोघांनाही वर्षभर विचारून वागावे लागते, आणि दोघांच्या सुटकेची तारीख एकच. ही जुन्या लोकांची मुद्दाम केलेली योजना होती की योगायोग, देव जाणे. मला इतके मात्र दिसते की ज्याला मागण्याची हिंमत आहे, ज्याच्या मागण्याला वजन आहे, त्याला रजेची तारीख स्वतः निवडण्याची मोकळीक उपयोगी पडते. ज्याला मागताच येत नाही त्याला ती मोकळीक कागदावरच राहते; त्याला हवी असते पंचांगातली, कोणाला हलवता न येणारी तारीख.

यावरून आमच्या गल्लीत गेल्या खेपेस चांगलाच वाद झाला. बँकेतल्या त्या गृहस्थांची पत्नीही नोकरी करते. हुशार, स्पष्ट बोलणारी मुलगी. ती म्हणाली, 'काकू, रजेचे पैसे द्यायला माझी ना नाही. पण तारीख मी का ठरवू नये? माझी रजा माझे साहेब ठरवतात. यांची तर कोणी न विचारताच ठरवली. चारी घरांच्या बायका एकाच आठवड्यात गेल्या तर आम्ही काय करायचे? निम्म्यांनी आधी जावे, निम्म्यांनी नंतर.' तिचे म्हणणे वेडगळ नव्हते. भिलाईच्या भट्टीचा न्याय तोच तर आहे. पण आमच्या मोरीतली भांडी म्हणजे काही कोकची भट्टी नव्हे. चार दिवस ती निवली तरी विटांना तडे जात नाहीत. आणि तीज पुढे ढकलली तर ती तीज राहत नाही. सात गावांतून सात मैत्रिणी एकाच दिवशी येतात म्हणून तर ते माहेर. पंधरा दिवसांनी एकटीच गेली तर तिला तेथे भेटेल कोण? १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी आठवड्याची सुट्टी मिळवली, तेव्हा त्यांची मागणी सगळ्यांना मिळून एकच वार मिळावा अशी होती, आणि रविवार हा खंडोबाचा वार असेही त्यांनी दाखवून दिले होते. काही रजांचे मोल त्या सर्वांच्या मिळून असण्यातच असते.

तारखेचा प्रश्न असा मिटला, पैशांचा उरला. येथे रूढीचे दुबळेपण दिसते. तिने दिवस दिला, पण त्या दिवसांचा पगार कोणी द्यावयाचा हे ती बोलत नाही. कायद्याने उलट केले: पगार ठरवला, दिवस बोलण्यावर सोडला. आणि घरकाम करणाऱ्या बायांपर्यंत तो कायदा पोचतच नाही. त्यांच्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २०११ मध्ये झाला, भारताने तो अजून स्वीकारलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कामगारांसाठी स्वतंत्र कायदा असावा काय हे तपासण्यास समिती नेमावी असे केंद्र सरकारला सांगितले. तोवर प्रत्येक स्वयंपाकघर हेच विधिमंडळ. आमच्या घरी सासूबाईंच्या वेळेपासून तीजेचे दिवस कापावयाचे नाहीत अशी रीत आहे. त्यांना कोणी कारण विचारले तर म्हणत, 'पोळ्याला बैल जुंपत नाहीत, म्हणून त्या दिवसाची वैरण कोणी कापते का?'

समोरची मुलगी मात्र असल्या दाखल्यांवर थांबणारी नव्हे. तिने कागद घेतला. बाई वर्षात साधारण ३४० दिवस येते. कारखान्याच्या प्रमाणाने वीसास एक म्हणजे सतरा दिवस. तीजेला जाऊन-येऊन आठ दिवस जातात. उरले नऊ. हे नऊ दिवस बाईने स्वतः ठरवावे, फक्त आदल्या दिवशी सांगावे. कारण सांगायची गरज नाही. आणि कारखान्यात चार दिवसांहून कमी नसलेल्या रजेचा पगार रजेवर जाण्यापूर्वी हातात देण्याची तरतूद होती, हे मी तिला सांगितले, तेव्हा तेही तिने कागदावर लिहिले. तीजेला निघताना तर पैशांची खरी गरज: बसचे भाडे, भाच्यांना खाऊ, भावजयीला काहीतरी. परत आल्यावर मिळालेल्या पगाराचा त्या वेळी काय उपयोग?

बाईला बोलावून हे सांगितले. तिने पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली की पैसे कापले जाणार नाहीत. मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, यंदा हे नऊ दिवस नको, लागले तर दोन-तीन घेईन. उरलेले पुढच्या साली नेता येतील का? मुलीचे लग्न माघात झाले आहे, पहिले बाळंतपण माझ्याकडेच होईल, तेव्हा एकदम लागतील.

समोरचीने माझ्याकडे पाहिले. तीस दिवसांच्या मर्यादेचे कलम मी तिला सांगितलेलेच नव्हते, ते तेव्हा सांगितले. तिने कागद उलटून मागच्या बाजूस एक नवा रकाना आखला आणि बाईच्या देखत त्यात आकडे मांडण्यास सुरुवात केली. चार घरांपैकी तीन घरांनी हे मान्य केले आहे. चौथ्या घराचे म्हणणे असे की इतरांच्या हिशेबाला त्यांनी का बांधून घ्यावे; आणि तेथील काम बाईला सोडता येत नाही, कारण पावसाळ्यात गरज पडली की उसने पैसे तेथूनच मिळतात.